अडतीस सेकंद

जूनमधली सकाळ. आमच्याकडे जून म्हणजे कडाक्याची थंडी,
रिओ नेग्रोवरचं धुकं अजून उठलं नव्हतं.
निबिया एचेगोशेन गाडी घेऊन आल्या,
काखेत थर्मास, हातात मातेचा तुंबा,
आणि एकच अट:
"आवाज आजचा हवा.
पण डोळ्यांना तो कुठे सापडता कामा नये."

गाडी अठ्ठावन्नची, बोर्गवर्ड इसाबेला.
दुधात कॉफीचे चार थेंब सांडावेत तसा रंग.
रेडिओची बटणं हस्तिदंती,
त्यातलं डावं एकाच अंगाने झिजलेलं,
सहाण झिजते तसं.

मी पत्र्याला ड्रिल लावलं नाही.
पत्र्याचं भोक जन्मभर बोलत राहतं.
पुढच्या सीटखाली प्लायवूडच्या दोन पेट्या,
एक स्पीकर जुन्या जाळीच्या कापडामागे,
अँप्लिफायर मागच्या बाकाखाली, जिथे पूर्वी जॅक असायचा.
सहा व्होल्टचे बारा करणारी डबी साबणाच्या वडीएवढी,
ती ग्लोव्हबॉक्सच्या पाठीला.
वायरींना सुती वेणी चढवली,
जुन्या वायरींत त्या सुनांसारख्या मिसळून गेल्या.
रेडिओचं पोट रिकामं केलं,
काचेचे व्हॉल्व्ह अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले
आणि आत तळहाताएवढा नवा बोर्ड बसवला.
आकड्यांमागचा दिवा फार पांढरा पडत होता,
म्हणून मातेच्या पाण्यात बुडवून वाळवलेला
कागदाचा तुकडा आड लावला.
माझा भाचा वाल्देमार म्हणाला,
"मामा, आता तर मलाच सापडणार नाही."

निबियाबाई बसल्या. बटण फिरवलं. टक्.
त्याच क्षणी गिटार वाजली,
इतकी स्वच्छ की वाजवणाऱ्याचं नख ऐकू यावं.
त्यांनी बंद केलं.
"छान झालंय," म्हणाल्या,
पाहुण्याकडचं अळणी जेवून म्हणावं तसं.
मी हात पुसत उभा.
"फार लवकर आला."
कोण?
"आवाज.
पूर्वी आधी दिवा लागायचा,
मग गुणगुण, मग तापल्या धुळीचा वास,
आणि मग कुणीतरी जिना चढून यावं तसा आवाज.
घरातलं भांडण तेवढ्या वेळात उरकायचं,
असा माझा आणि ओरोस्मानचा नियम होता.
आवाज आला की दोघंही गप्प."
उरकायचं का?
"छे, एकदाही नाही.
पण निदान सुरू तरी व्हायचं."

रात्री ट्रेमधले व्हॉल्व्ह काढून
जुन्या सांगाड्यात परत बसवले,
टेबलावर वीज दिली, घड्याळ समोर ठेवलं.
तीनदा मोजलं: अडतीस. अडतीस.
दार उघडं राहिलं तेव्हा एकेचाळीस.
नव्या बोर्डाच्या आवाजाला वेळ लावणारा रिले बसवला.
वाल्देमार म्हणाला, गुणगुणसुद्धा टाकू, फोनवर मिळते.
मी नको म्हटलं.
गुणगुण खोटी ठरली असती.
थांबणं कसं खोटं ठरेल?
अडतीस सेकंद कुठूनही आणा,
ते अडतीसच भरतात.

दुसऱ्या दिवशी बटण फिरलं.
पिवळा दिवा लागला, बाकी काही नाही.
मी उगाच फडक्याची घडी घालत दूर झालो.
काचेआड त्यांचे ओठ हलत होते,
एक बोट उगारलेलं,
शेजारच्या रिकाम्या सीटकडे.
मग गिटार आली.
वाक्य अर्ध्यातच राहिलं, बोट खाली.
नियम म्हणजे नियम.
गियर टाकताना गाडी कुरकुरली,
ते काम माझं नाही, मी विजेचा माणूस.

गुरुवारी फोन आला.
"पंचेचाळीस करता येतील का?"

स्क्रू एकच आहे.
अर्धा वळसाही पुरला.